सीओटू नॉर्मल आला तरी डॉक्टरांनी रेट कमी का केला? शिवाय हाय प्रेशर अलार्मचा घोळ

माका_झोप_येता

नमस्कार सगळ्यांना. पावसाळा सुरू झाल्यापासून मला वॉर्डातून आयसीयूत टाकलंय, फोंड्याच्या बाजूचं खाजगी हॉस्पिटल आहे. एबीजी (धमनीतल्या रक्ताचा गॅस रिपोर्ट) कॉलेजात शिकले ते परीक्षेपुरतं, व्हेंटिलेटर तर फक्त दुरून बघितलेला. आता रोज दोन्ही समोर असतात आणि विचारायला गेलं की जो तो घाईत.

परवाच्या नाईटचं सांगते, पेशंटचं नाव गाव लिहीत नाही. सीओपीडीचे (फुफ्फुसाच्या नळ्या अरुंद होण्याचा जुना आजार) आजोबा, आयुष्यभर विडी, बायपॅपवर (मास्कने श्वास देणारं मशीन) टिकले नाहीत म्हणून संध्याकाळी ट्यूब टाकली. ट्यूब टाकायच्या आधीचा गॅस (एबीजी) पीएच ७.२८, सीओटू ६८, बायकार्ब (रक्तातलं अॅसिड मारणारा क्षार) ३१ असा होता. मग व्हेंटिलेटर व्हॉल्यूम कंट्रोलला, टायडल व्हॉल्यूम (एका श्वासाची हवा) ४२० मिली, रेट (मिनिटाला श्वास) २२, पीप (श्वास सोडल्यावरही छातीत ठेवलेलं प्रेशर) ५, एफआयओटू (दिलेल्या हवेतला ऑक्सिजन) ४० टक्के. रात्री अकराला परत गॅस केला तर पीएच ७.५४, सीओटू ३८, बायकार्ब ३२. मला वाटलं चला, सीओटू ३५ ते ४५ च्या आत आला, सुटलो. डॉक्टर आले, कागद बघितला आणि रेट २२ वरून सरळ १४ वर आणला, वर म्हणाले "एवढा कोणी धुतला याला?" आणि पुढच्या बेडकडे गेले. नॉर्मल आलेला सीओटू परत वाढवायचा? का?

दुसरं म्हणजे त्याच्या आधी जवळजवळ तासभर हाय प्रेशरचा अलार्म थांबून थांबून वाजत होता. सक्शन केलं, फारसं काही आलं नाही, आजोबा ट्यूब चावत नव्हते, सर्किट (मशीनच्या नळ्या) कुठे दबलेलं नव्हतं. रेट १४ केल्यावर थोड्या वेळात अलार्म आपोआप बंद. म्हणजे रेटचा आणि प्रेशरचा काय संबंध?

आणि तिसरं, बाजूच्या बेडवरच्या बाई प्रेशर कंट्रोलला आहेत, त्यांची ट्यूब कफाने जवळजवळ बंद व्हायला आली होती, पण तिथे हाय प्रेशर वाजलाच नाही, लो टायडल व्हॉल्यूम वाजला. आम्हाला तर शिकवलेलं की ब्लॉक म्हणजे हाय प्रेशर आणि लीक म्हणजे लो. डोकं चक्रावलंय, कोणीतरी मराठीत नीट सांगा, पुस्तकातलं नको.

---

रोम_पाठ_आहे

अगो सोपं आहे, रोम लक्षात ठेव. रेस्पिरेटरी असेल तर पीएच आणि सीओटू उलट्या दिशेला, मेटाबॉलिक असेल तर पीएच आणि बायकार्ब एकाच दिशेला. पीएच ७.३५ ते ७.४५, सीओटू ३५ ते ४५, बायकार्ब २२ ते २६. आधी पीएच बघ अॅसिड की अल्कली, मग कोण त्या दिशेला ओढतोय ते बघ. आम्ही यावरच पास झालो.

---

जुनी_इन्चार्ज

रोम पाठ असू दे बाय, पण त्याच्यावर ड्युटी निघत नाही. रोमने नाव मिळतं, या माणसासाठी किती आकडा बरोबर ते मिळत नाही. आणि तुझ्या आजोबांचा सगळा प्रश्न तिथेच आहे.

नीट बघ. ट्यूब टाकायच्या आधी सीओटू ६८ आणि बायकार्ब ३१. बायकार्ब ३१ एका संध्याकाळीत होत नाही. सीओटू आज अचानक चढला असता तर दर १० ला बायकार्ब फक्त १ ने वर जातो, म्हणजे ४० वरून ६८ ला जेमतेम २७ असता. महिनोनमहिने चढलेला असता तर दर १० ला साधारण साडेतीन ते चार, म्हणजे ३४ च्या आसपास. आजोबांचा ३१, दोघांच्या मध्ये. म्हणजे घरी बसलेले असतात तेव्हाही यांचा सीओटू ५५-६० असणार, किडनीने हळूहळू बायकार्ब साठवून पीएच सांभाळलेला, आणि आता छातीत इन्फेक्शन झालं किंवा आणखी काही, त्याने वरून थोडा अजून चढला. जुनं दुखणं आणि त्याच्यावर नवं.

आता अशा माणसाचा सीओटू तू मशीनने चार तासात ३८ वर आणलास (तू म्हणजे मशीन, तुला बोलत नाही गो) तर सीओटू मिनिटांत खाली येतो पण किडनीने साठवलेला बायकार्ब कुठे जाणार? तो जायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून पीएच ७.५४. रिपोर्टवर सीओटूच्या पुढे स्टार नाही, खाली रेघ नाही, बघणाऱ्याला वाटतं झालं काम. पण यांच्यासाठी ३८ हा नॉर्मल नाहीच, यांच्यासाठी तो हायपरव्हेंटिलेशन आहे. अल्कलोसिसमध्ये (रक्त अल्कली झालं की) पोटॅशियम खाली येतं, आयनाइज्ड कॅल्शियम खाली येतं, ठोके चुकायला लागतात, हातपाय झटकतात, फिटसुद्धा येऊ शकते. मॉनिटरवर एक्टोपिक (मधलेच जादा ठोके) दिसले का त्या रात्री? बघून सांग.

आणि आणखी एक जे कोणी सांगत नाही. समजा असंच सीओटू ४० धरून चार दिवस ठेवला तर किडनी म्हणते ठीक आहे, आणि बायकार्ब सोडून देते, २४ वर येतो. कागद एकदम सुंदर. मग वीनिंग (व्हेंटिलेटर सोडवणं) करायला जाता, आजोबा स्वतःच्या फुफ्फुसाने परत ५८-६० ला जाणार कारण त्यांची ताकदच तेवढी, पण आता बायकार्ब नाही सांभाळायला, पीएच ७.२ ला, ट्रायल फेल, परत व्हेंट. मग सगळे म्हणतात पेशंट वीन होत नाही. होणार कसा, त्याची शिदोरी आपणच काढून घेतली.

म्हणून सीओपीडीत आपण पीएचकडे बघून चालतो, सीओटूकडे नाही. आणि जुना गॅस शोधायचा. नातेवाईकांकडे फाईल असते, मागच्या वर्षी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) अॅडमिट होते का, डिस्चार्ज कार्ड आहे का, विचारायचं. तो एक कागद रात्रीच्या पाच गॅसपेक्षा जास्त सांगतो.

ऑक्सिजनचंही तेच, अशांना सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचा टक्का) ८८ ते ९२ ठेवतात. ९९ दिसलं की आनंद होतो आपल्याला, पण तो आनंद चुकीचा.

---

भूल_विभाग

इन्चार्ज मॅडमनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त डॉक्टरांनी १४ च का केला ते आकड्यात दाखवतो कारण ते हवेतून आलेलं नाही.

सीओटू धुण्याचं काम मिनिट व्हॉल्यूम करतो, म्हणजे टायडल गुणिले रेट. ४२० गुणिले २२ म्हणजे ९.२ लिटर. ४२० गुणिले १४ म्हणजे ५.९ लिटर. पेशंट शांत झोपलेला असेल, ताप वगैरे बदललेला नसेल तर मिनिट व्हॉल्यूम आणि सीओटू यांचा गुणाकार साधारण तोच राहतो. ३८ गुणिले ९.२ भागिले ५.९, उत्तर येतं ५९. आता बायकार्ब ३२ आहे. २४ गुणिले सीओटू भागिले बायकार्ब केलं की हायड्रोजन आयन येतो, ४० म्हणजे पीएच ७.४०. इथे २४ गुणिले ५९ भागिले ३२ म्हणजे ४४, पीएच ७.३५ च्या जवळ. म्हणजे डॉक्टरांना पीएच ७.३५ पाहिजे होता आणि त्यासाठी रेट १४. दुसरा गॅस अर्ध्या तासाने केला असेल, त्यात पीएच ७.३५-७.३६ आणि सीओटू ५८-६० आला असेल असं मी न बघता सांगतो.

हेच गणित उलट बाजूने जीव घेतं. डीकेएचा (डायबेटिसमध्ये रक्तात अॅसिड साठतं तो) पेशंट घ्या. बायकार्ब ६, सीओटू १८, पीएच ७.१४, खोल खोल भराभर श्वास घेतोय. त्याच्या बायकार्बला किती सीओटू असायला हवा ते काढायला दीड गुणिले बायकार्ब अधिक ८, दोन इकडे तिकडे. म्हणजे १७, त्याचा १८ आहे, म्हणजे छाती आपलं काम बरोबर करतेय. तो दमला, सुस्त झाला म्हणून ट्यूब टाकली आणि कोणीतरी सवयीने रेट १४ लावला, सीओटू ४० झाला. रिपोर्टवर सीओटू एकदम नॉर्मल. पण २४ गुणिले ४० भागिले ६ म्हणजे १६०, पीएच ६.८. या पेशंटला ट्यूबच्या आधी तो स्वतः जेवढा श्वास घेत होता तेवढा मिनिट व्हॉल्यूम मशीनने द्यायला लागतो. म्हणून नर्सने ट्यूब टाकायच्या आधी पेशंटचा श्वास मोजून लिहून ठेवलेला असेल, समजा ३६, तर तो आकडा आमच्या फार कामाला येतो. बऱ्याच चार्टवर २० लिहिलेलं असतं, सगळ्यांना २०. असो.

घाईत एक सोपी खूण: निव्वळ मेटाबॉलिक अॅसिडोसिस असेल तर सीओटू पीएचच्या शेवटच्या दोन आकड्यांच्या जवळ असतो. पीएच ७.२५ तर सीओटू २५ च्या आसपास. तिथे ३८ दिसला तर रिपोर्ट नॉर्मल म्हणेल पण तुम्ही डॉक्टरांना उठवा.

---

दोडामार्ग_ब्रदर

अलार्मचं मी सांगतो, हे माझं आवडतं खातं आहे.

ब्लॉक म्हणजे हाय प्रेशर हे व्हॉल्यूम कंट्रोलपुरतं खरं. व्हॉल्यूम कंट्रोलला मशीन म्हणतं ४२० देणारच, प्रेशर किती लागेल ते लागो. वाट अडली की प्रेशर चढतं, लिमिटला टेकलं की अलार्म. प्रेशर कंट्रोलला मशीन म्हणतं प्रेशर मी एवढंच लावणार, व्हॉल्यूम किती जाईल ते जावो. ट्यूबमध्ये कफ अडकला तर प्रेशर तेच, व्हॉल्यूम मात्र ४०० वरून २५०, १८०. म्हणून बाजूच्या बाईंना लो टायडल वाजला. बरोबरच वाजला. त्यामुळे ओव्हर (ड्युटी हातात) घेताना पहिला प्रश्न मोड कोणता. प्रेशर कंट्रोलच्या पेशंटची लो टायडल आणि लो मिनिट व्हॉल्यूमची लिमिट कोणी खाली नेऊन ठेवलेली असेल तर ट्यूब बंद होईपर्यंत मशीन गप्प राहतं. पहिल्यांदा कळतं ते सॅच्युरेशनवरून, आणि ते सगळ्यात उशिरा पडतं.

आणि व्हॉल्यूम कंट्रोलला हाय प्रेशर वाजतोय म्हणजे नुसता आवाज होतोय असं समजू नको. बहुतेक मशीन लिमिटला टेकलं की तो श्वास तिथेच तोडतं. सेट ४२० असलं तरी त्या श्वासात २४०च गेले असतील. म्हणून अलार्म वाजतोय तेव्हा सेट टायडलकडे नाही, एक्सहेल्ड (खरंच बाहेर आलेल्या) टायडलकडे बघायचं. असे तोडलेले श्वास तासभर चालले की गॅसमध्ये सीओटू चढून येतो. अलार्म आणि एबीजी दोन वेगळे विषय नाहीत ते इथे कळतं.

आता तुझ्या आजोबांचं. रेट २२ म्हणजे एक श्वास २.७ सेकंदाचा. त्यातला एक सेकंद आत घ्यायला गेला तर सोडायला उरले १.७. सीओपीडीच्या माणसाला हवा सोडायलाच वेळ लागतो, नळ्या आतून मिटतात. मागची हवा पूर्ण जायच्या आत पुढची आली, असं साठत साठत छाती फुगते, त्याला ऑटोपीप म्हणतात, आणि प्रेशर चढत जातं. रेट १४ केला की श्वास ४.३ सेकंदाचा, सोडायला ३.३ मिळाले. जवळजवळ दुप्पट. हवा निघून गेली, अलार्म बंद. डॉक्टरांनी एका बटणात पीएच आणि प्रेशर दोन्ही सोडवलं.

हे स्क्रीनवर दिसतं. फ्लोचा ग्राफ बघ, खालच्या बाजूला जातो तो श्वास सोडणं. ती रेघ शून्यावर यायच्या आधीच पुढचा श्वास सुरू होत असेल तर हवा अडकतेय. हे बघायला कोणाची ऑर्डर लागत नाही. आणि ऑटोपीप फार झालं की बीपी पडतं कारण छातीत प्रेशर वाढल्यावर हृदयात रक्त परत येत नाही. सीओपीडी किंवा अस्थमा, हाय प्रेशर, छाती फुगलेली आणि बीपी एकदम ७० ला, तर डॉक्टरला आरडाओरड करून बोलवायचं आणि सर्किट ट्यूबपासून काढून हवा जाऊ द्यायची, छाती खाली बसताना दिसते. त्यात बीपी आलं तर कारण कळलं. नाही आलं तर न्यूमोथोरॅक्सचा (फुफ्फुसाबाहेर छातीत हवा साठण्याचा) विचार. आणि अंबू (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) लावली तर हळू, प्लीज हळू. घाबरून मिनिटाला ४० वेळा दाबणारे मी बघितलेत, तोच आजार परत हाताने.

पीक आणि प्लॅटू कोणी दाखवलं का तुला? पीक म्हणजे श्वास आत जाताना चढतं ते सगळ्यात जास्त प्रेशर. इन्स्पिरेटरी होल्ड दाबून क्षणभर हवा थांबवली की जे प्रेशर उरतं ते प्लॅटू. माडाला पाणी सोडताना पाईपमधून पाणी जात नाही तर एक तर पाईप कुठे दुमडलाय, नाहीतर आळंच भरलंय. पीक ४२ आणि प्लॅटू २० म्हणजे पाईपचा प्रॉब्लेम, ट्यूब चावलीय, कफ, ब्रॉन्कोस्पाझम (नळ्या आवळणं), सर्किटात पाणी. पीक ४२ आणि प्लॅटू ३६ म्हणजे फुफ्फुसाचा, ट्यूब उजवीकडे सरकली, न्यूमोथोरॅक्स, पाणी भरलं, एआरडीएस (फुफ्फुसं सुजून घट्ट होणं), किंवा ही ऑटोपीपची भरलेली छाती. प्लॅटू ३० च्या खाली ठेवायचा असतो. होल्ड पेशंट स्वतः श्वास ओढत नसेल तेव्हाच खरा येतो आणि आमच्याकडे तो डॉक्टर किंवा आरटी (रेस्पिरेटरी थेरपिस्ट) करतात, तुमच्याकडे काय पद्धत ती बघ.

सक्शनला "फारसं काही आलं नाही" लिहिलंयस, पण कॅथेटर आरामात खाली गेला का? ते जास्त महत्त्वाचं. अडला तर ट्यूब चावलीय, दुमडलीय किंवा आत गोळा आहे. आरामात गेला तर ट्यूब मोकळी, प्रॉब्लेम पुढे आहे, मग परत परत सक्शन करून काही होत नाही, उलट प्रत्येक वेळी पीप जातो आणि पेशंट खोकून अजून प्रेशर चढवतो.

---

रोम_पाठ_आहे

दोडामार्ग ब्रदर भारी. पण रात्री तीनला एवढं आठवतं कोणाला? आमच्याकडे डोप म्हणतात, डिस्प्लेसमेंट, ऑब्स्ट्रक्शन, न्यूमोथोरॅक्स, इक्विपमेंट. पेशंट अचानक बिघडला की या चारातलं एक.

---

दोडामार्ग_ब्रदर

डोप चांगलं आहे, त्यात ऑटोपीपचा एस जोडतात काही जण, स्टॅकिंगचा, डोप्स. इक्विपमेंटमध्ये आपल्याकडची दोन मात्र लिहून ठेवा. एक, नेब्युलायझेशन देताना एचएमई फिल्टर (हवा ओलसर-उबदार ठेवणारा) मधेच राहतो. औषध पेशंटपर्यंत जात नाही ते जात नाहीच, वर फिल्टर भिजून जड होतो आणि प्रेशर चढतं. सीओपीडीवाल्याला चार-चार तासांनी नेब असतात, त्यामुळे त्यांचाच फिल्टर भिजतो आणि सगळे म्हणतात स्पाझम आहे, अजून एक नेब द्या. एक्सपिरेटरी बाजूचा फिल्टरही औषधाने चोंदतो, तिथे तर हवा बाहेरच पडत नाही.

दुसरं, हीटेड ह्युमिडिफायर असेल आणि एसी थंडगार असेल तर सर्किटात पाणी साचतं. पाणी गुडगुडलं की मशीनला वाटतं पेशंट श्वास ओढतोय, रेट १६ सेट असताना ३० दाखवतो. सगळे सेडेशन वाढवायच्या मागे. पाणी वॉटर ट्रॅपमध्ये सोडा आधी, पेशंटच्या बाजूला नका उचलू.

आणि जून-जुलैत लाईट जाते तेव्हा मशीन बॅटरीवर गेल्याचा अलार्म. व्हेंटिलेटरचा प्लग यूपीएसच्या सॉकेटला आहे का हे ड्युटीला आल्याआल्या डोळ्याने बघायचं, कोणीतरी मोबाईल चार्ज करायला काढलेला असतो. हे विनोद म्हणून लिहिलेलं नाही.

---

माका_झोप_येता

बापरे किती लिहिलंत, वाचून परत वाचलं. भूल विभाग सर, दुसरा गॅस पीएच ७.३६, सीओटू ५८, बायकार्ब ३२ आला होता, तुम्ही न बघता सांगितलात 😳 आणि इन्चार्ज ताई, हो, एक्टोपिक होते मध्येमध्ये, पोटॅशियम ३.१ आलं, सकाळी करेक्शन दिलं. मी ते वेगळंच समजत होते.

कॅथेटर आरामात जात होता. आणि फ्लोचा ग्राफ आज बघितला, आता शून्यावर येतो रेघ.

अजून एक गॅस विचारते, रागावू नका. सत्तरी तालुक्याकडचे शेतकरी, शेतात चिखलात काम केलेलं, ताप, डोळे पिवळे, लघवी कमी, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यातला जंतूचा ताप) म्हणून ट्रीटमेंट चालू, किडनीचं क्रिएटिनिन चढलेलं. ऑक्सिजन मास्कवर होते. पीएच ७.११, सीओटू ५२, बायकार्ब १६. रोम लावला तर पीएच खाली बायकार्ब खाली म्हणून मेटाबॉलिक, पण पीएच खाली सीओटू वर म्हणून रेस्पिरेटरी पण. मी रजिस्टरला काय लिहू? दोघांचं?

---

जुनी_इन्चार्ज

दोघांचं. रोम इथे अडकतो म्हणूनच मघाशी म्हटलं.

भूल विभागाने दिलेलं सूत्र लाव, दीड गुणिले १६ म्हणजे २४, अधिक ८ म्हणजे ३२. किडनी बंद पडून अॅसिड साठलं एवढंच असतं तर छातीने जोर लावून सीओटू ३२ वर आणला असता. यांचा ५२. म्हणजे छातीला जमत नाहीये. लेप्टोमध्ये फुफ्फुसात रक्तस्राव होऊ शकतो, थुंकीत रक्त दिसतं किंवा दिसतही नाही, नुसता श्वास वाढतो आणि मग माणूस दमतो. ५२ हा आकडा ऐकायला मोठा नाही, सीओपीडीवाल्याचा असता तर मी चहा प्यायला गेले असते. पण या माणसाला ५२ म्हणजे तो थकून चाललाय. अशा वेळी रजिस्टरला काय लिहू हा प्रश्न नंतरचा, आधी फोन. मास्कवर होते म्हणतेस, मग ट्यूब टाकली ना त्यांना?

आणि पोटॅशियम बघ यांचंही, पण इथे उलट, अॅसिडोसिस आणि किडनी दोन्हीमुळे वर असणार. ईसीजीत टी उंच झाल्यात का बघ. तुझ्या आजोबांचं खाली, यांचं वर, एकाच रात्री दोन बेड.

---

माका_झोप_येता

हो ताई, तासाभरात टाकली, डॉक्टर तिथेच होते. ट्यूबमधून लालसर आलं. आता पीप १० वर आहेत. डायलिसिस पण झालं.

---

भूल_विभाग

बरं झालं. पीप १० वर असताना सर्किट उगाच काढू नका, बंद सक्शन असेल तर तेच वापरा.

गॅसबद्दल एक राहिलं. सॅम्पल चांगलं नसेल तर वरचं सगळं गणित वाया. सिरिंजमध्ये हेपरिन जास्त राहिलं की बायकार्ब आणि सीओटू खोटे खाली येतात. हवेचा बुडबुडा राहिला की ऑक्सिजन वर आणि सीओटू खाली. सॅम्पल टेबलावर पडून राहिलं की पेशी ऑक्सिजन खात राहतात, सीओटू चढतो, पीएच पडतो. रात्री वॉर्डबॉय खाली गेलाय म्हणून अर्धा-पाऊण तास ट्रेमध्ये पडलेला गॅस बघून सेटिंग बदलू नये. फॉर्मवर एफआयओटू आणि टेम्परेचर लिहा. सेटिंग बदलल्यावर वीस-तीस मिनिटं थांबून गॅस काढा, सीओपीडीत थोडं जास्तच. आणि मॉनिटरवर सॅच्युरेशन ९७ असून गॅसमध्ये ऑक्सिजन ३८ आला तर ते व्हेनस आहे, घाबरू नका, परत काढा.

---

रोम_पाठ_आहे

एक विचारू? अलार्म सायलेंट करण्यावरून आमच्याकडे रोज भांडण. वाजला की जो जवळ असेल तो येऊन दाबतो आणि जातो. दोन मिनिटांनी परत. नातेवाईक काचेतून बघत असतात त्यांना वाटतं झालं.

---

जुनी_इन्चार्ज

आमच्याकडे मी एक सांगते, दाबायचं असेल तर पेशंटच्या छातीकडे बघत दाबायचं, मशीनकडे बघत नाही. छाती दोन्ही बाजूला हलतेय का, रंग काय, सॅच्युरेशन, मग ट्यूबचा ओठाकडचा आकडा ओव्हर घेतला तेव्हा होता तोच आहे का. २२ ला फिक्स केलेली २५ दिसली तर कारण मिळालं. हे सगळं दहा सेकंदांचं काम आहे. कळलं नाही आणि पेशंट बिघडतोय, तर मशीन सोडा, अंबूला ऑक्सिजन जोडा आणि हाताने द्या, आणि एकाने डॉक्टरला फोन. मशीन नंतर बघू. अंबू त्या बेडलाच टांगलेली पाहिजे, शेजारच्या बेडची नाही.

लो प्रेशर किंवा लो व्हॉल्यूम असेल तर पेशंटपासून सुरू करून मशीनपर्यंत हात फिरवत जायचं, कुठे निसटलंय ते हाताला लागतं. काही निसटलं नसेल आणि पेशंटच्या तोंडातून घर्र आवाज येत असेल, म्हणजे श्वासाबरोबर बोलल्यासारखा, तर कफ (ट्यूबचा फुगा, बेडका नव्हे) लीक. कफ प्रेशर २० ते ३० मध्ये पाहिजे आणि ते मीटरने, बोटाने फुगा दाबून नाही. मीटर कपाटात कुलूपबंद असतो बहुतेक ठिकाणी, चावी कोणाकडे ते मला विचारू नका.

आणि लिमिट. हाय प्रेशरची लिमिट पीकच्या दहा-पंधरा वर ठेवायची, प्रत्येक शिफ्टला त्या पेशंटप्रमाणे. पीक २२ चालू आहे आणि लिमिट ६० वर, म्हणजे अलार्म नाहीच. कोणीतरी एका रात्री आवाज नको म्हणून वर नेली आणि मग चार दिवस तशीच. निम्मे फालतू अलार्म लिमिट नीट लावली, पाणी काढलं, ट्यूब नीट बांधली की बंद होतात. उरलेले ऐकायचे.

---

माका_झोप_येता

शेवटचं. रात्री डॉक्टरला फोन केला की मी "सर अलार्म वाजतोय" एवढंच म्हणते आणि ते म्हणतात सक्शन कर. काय सांगायचं म्हणजे ते उठून येतील?

---

दोडामार्ग_ब्रदर

असं सांग: "सर, बेड तीन, सीओपीडी, व्हॉल्यूम कंट्रोल, रेट २२, पीक ४४ जाते, संध्याकाळी २८ होती. सक्शन केलं, कॅथेटर मोकळा जातो, हवा दोन्हीकडे जाते पण शिट्टी आहे. एक्सहेल्ड टायडल ३१०, सेट ४२०. एक्सपिरेटरी फ्लो शून्यावर येत नाही. बीपी ९६, मघाशी १३० होतं. शेवटचा गॅस पीएच ७.५४, सीओटू ३८, आधीचा ६८. रेट कमी करायचा का?"

यावर "सक्शन कर" म्हणणारा डॉक्टर मी अजून बघितला नाही. म्हणालाच तर चार्टवर वेळ घालून लिही की कळवलं, आणि वरच्याला फोन.

---

भूल_विभाग

बेड नंबर फोनवर ठीक, इथे नको 🙂 बाकी असा फोन मला आला तर मी जिन्यावरून धावतच येईन. त्यात फक्त शेवटचं नेब कधी दिलं तेवढं घाल.